मांडवाच्या दारातलं लुगडं

आक्कासाहेबांनी माझ्या बायकोचं लुगडं चपलेच्या टोकानं उचललं आणि बाजूला मातीत टाकलं.

मांडवाच्या दारात. भर दुपारी. बँड वाजत होता, तो एकदम नाही, हळूहळू थांबला. आधी पिपाणी थांबली, मग ढोल. नवरदेव एक जोडा काढून एका पायावर उभा. मागचं वऱ्हाड माना वर करकरून बघायलं होतं की पुढं काय अडकलं.

"हे कुणाच्या घरचं?" आक्कासाहेबांनी विचारलं.

मी खोटं बोललो नाही. आमच्या घरचं हाय, म्हणालो.

"परटिणीनं नेसलेलं लुगडं आमच्या जावयाच्या पायाखाली? अपशकुन करायला आलास का?"

नीट वाचा. ते लुगडं कुणाच्या अंगावर घालायचं नव्हतं. डोक्यावर घ्यायचं नव्हतं. पायाखाली घालायचं होतं. तळपायाखाली. तिथंसुद्धा आमचं कापड चाललं नाही.

मी परीट. शाळा दुसरीतच सुटली. माझं अक्षर वाकडं आहे, घडी मात्र मी कधी वाकडी घातली नाही. लेक म्हणाली, बाबा, मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा लिहून काढा. म्हणून लिहायलोय. कुणाला दया यावी म्हणून नाही. दया मला चालत नाही.

आमचं गाव औश्याच्या रस्त्याला आत. गावात मोठं घर एकच. तिथले मालक अण्णा. आक्कासाहेब त्यांची थोरली बहीण. सासर मुरुडला, पण हुकूम सगळा माहेरात. त्यांच्या खालच्या शेतात ओढ्याच्या कडेला विहीर आहे. विहिरीशेजारी एक धोंडा. माझ्या आज्ज्यानं त्या धोंड्यावर कपडे आपटले, बापानं आपटले, मी आपटले. आपटून आपटून मधोमध खोलगट झाला होता तो. गावात बाकी पाणी बोअरचं. खारट आणि जड. साबण घासून हात सोलले तरी फेस येत नाही. त्या पाण्यात धुतलेला पंचा वाळला की उभा राहतो. गोडं पाणी एका त्या विहिरीला. आणि ते पाणी आम्हाला एका बोलीवर मिळायचं. मोठ्या घरचं धुणं परटानं करायचं, आणि त्यांच्या घरच्या लग्नात पायघड्या परटानं घालायच्या. कागद नाही, सही नाही. आज्ज्याच्या काळापासूनची तोंडाची बोली.

म्हणजे पायघडी मोडली तर पाणी मोडलं. पाणी मोडलं तर परीट मोडला. हे मला ठाऊक होतं. त्या दारात उभा होतो तेव्हाही ठाऊक होतं.

अण्णा माझ्यापेक्षा लहान. त्यांच्या जन्माच्या वेळचे बाळंतिणीचे कपडे माझ्या आईनं धुतले. मी तिच्यासोबत होतो. रक्तानं कडक झालेली फडकी ती आधी राखेच्या निवळीत भिजवायची, मग शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात, मग उन्हात, मग पुन्हा पाण्यात. तिसऱ्या दिवशी ती फडकी अशी व्हायची की लेकराच्या गालाला लावावीत. ती द्यायला गेलं की मागच्या दारानं घ्यायचे, आणि भाकर आईच्या पदरात वरून टाकायचे. हात हाताला लागू नये म्हणून. आईनं धुतलेलं फडकं अंगाला चालत होतं. आईचा हात चालत नव्हता. मी तेव्हा विचारलं नाही. परटाच्या पोरानं विचारायचं नसतं, एवढं शाळेबाहेरच शिकलो होतो.

मंग मशिनी आल्या. आधी मोठ्या घरी, मग सगळ्यांच्याच. वासाचं निळं पाणी आलं बाटलीतून. लोकांनी धुणं देणं बंद केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जमाना आहे, चालायचंच. पण एक मात्र बंद केलं नाही. बाळंतिणीचं, आजारी माणसाचं, आणि मेलेल्याच्या अंथरुणाचं धुणं आमच्याकडंच येत राहिलं. एकदा मी अण्णाच्या गड्याला विचारलं, हे मशिनीत कामून टाकत न्हाईत रे? तो हसला. म्हणाला, "मशीन इटाळती की मामा."

लोखंडाला विटाळ होतो. आम्हाला नाही. आम्ही आधीच विटाळलेले.

अण्णाच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा ते स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. पाव्हणे लातूरचे, मोठे लोक हायेत म्हणाले. पायघड्या झकास झाल्या पाहिजेत, बाजारचा गालिचा मागं पडला पाहिजे. "मऊ कर. पाय बुडला पाहिजे," म्हणाले.

आता पायघडीची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत नवरदेवाच्या पुढं परीट कापडं अंथरत जातो. मागचं उचलायचं, पुढं टाकायचं. ही कापडं परटाची नसतात. घरोघरची धुण्याला आलेली असतात. सगळ्या गावाच्या कापडावरून जावई येतो, असा त्याचा मान. आणि मांडवाच्या दारातली शेवटची घडी वेगळी. तिथं नवरदेव जोडा काढतो, उघडा पाय ठेवतो, तिथं त्याला ओवाळतात. ती घडी सुती पाहिजे आणि सगळ्यात मऊ पाहिजे. माझ्या आईनं हे मला बजावून सांगितलेलं. बाकी काहीही कर, दारातली घडी सुती.

धुण्याला कापडं कुणाची नव्हतीच. मी घरोघर फिरून मागून आणली. चादरी, लुगडी, पलंगपोस. सगळ्यांना त्या बाटलीचा वास. वरून हात फिरवला तर गुळगुळीत, मुरगाळून बघितलं तर आतून ताठ. बोअरच्या पाण्याचा खार धाग्यात बसलेला, आणि त्याच्यावर वासाचा थर. आमच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, एक चादर नाकाला लावली आणि लांब केली. "मेलं लग्नाआधीच अत्तर लावून बसलंय," म्हणाली.

आम्ही दोघांनी सगळं पुन्हा धुतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तसंच अंथरलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण परटाच्या हातून न गेलेलं कापड पायघडीला टाकायचं म्हणजे न शिजलेला भात वाढण्यासारखं.

रिठे फोडून बिया काढल्या, टरफलं भिजत घातली, सकाळी कोमट करून कुस्करली. फेस धरला की गाळून घ्यायचं, नाहीतर रिठ्याचा काळा डाग बसतो. त्या पाण्यात कापडं भिजवली. पिळायची नाहीत, नुसती दाबायची. धाग्यातला खार आपोआप सुटतो, पाणी गढूळ होतं. मग विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळून काढली. शेवटच्या पाण्यात लिंबं पिळली. लिंबानं उरलासुरला साबण निघून जातो आणि रंग उजळतो. पांढऱ्या चादरींना निळीची नुसती चव दाखवली. जास्त नीळ घालणारा परीट आळशी, असं बाप म्हणायचा. वाळत घालताना प्रत्येक कापड दोघांनी दोन टोकं धरून फाडफाड झटकलं. पांढरं उन्हात, रंगीत कडुलिंबाच्या सावलीत. अर्धवट ओलं असताना उतरवून हातानं चोळलं, पुन्हा वाळवलं. मऊपणा बाटलीत नसतो. तो हातात असतो आणि उन्हात असतो.

म्हातारी सत्तरीची. कंबर धरून धरून खळबळत होती. कापडं वाळली आणि मी दारातली घडी निवडायला बसलो. एकही सुती नाही. सगळ्या गावात एक सुती कापड निघालं नाही. चादरीसुद्धा मिसळीच्या धाग्याच्या. मी पुन्हा घरोघर गेलो. कुणाकडं नव्हतं.

आमच्या घरी होतं. म्हातारीचं लुगडं. फिकट पिवळं, लाल काठाचं. तिच्या भावानं भाऊबीजेला घातलेलं. भाऊ आता नाही. सणाला नेसायची आणि त्याच दिवशी धुवायची. इतक्या वर्षांच्या रिठ्यानं आणि उन्हानं ते असं झालं होतं की हातात घेतलं तर वजन कळायचं नाही. तिनं पेटीतून काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"शकुनाचं काम हाय. घ्या. लेक सगळ्यांची सारखीच."

मी तिला नाही म्हणालो नाही. मला गर्व वाटला. आमच्या घरचं कापड मांडवाच्या दारात. माझा बाप असता तर त्यालाही वाटला असता.

आता पुन्हा त्या दारात येतो.

लुगडं मातीत पडलेलं. आक्कासाहेबांनी ओळखलं होतं ते, कारण म्हातारी ते नेसून सणाला त्यांच्या मागच्या दारात जायची. अण्णा पुढं आले. पाव्हण्यांकडं बघून हसले, मग माझ्याकडं वळले. हसू तिकडंच राहिलं.

"उचल ते. दुसरं टाक."

कुणीतरी पळत जाऊन गाडीतून नवी चादर आणली. पिशवीतून काढलेली, दुकानाच्या घड्या तशाच. एका बाईनं तांब्यात गोमूत्र आणलं आणि लुगडं जिथं अंथरलं होतं त्या जागी शिंपडलं. भुईवर. भुईलाही आमचा विटाळ झाला होता म्हणजे. बाजूला पडलेल्या लुगड्यावर त्यातले शिंतोडे उडाले. 

मी खाली वाकलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं ऐकलं. मी लुगडं उचललं. झटकलं. माती गेली, शिंतोडे राहिले. तिथंच, सगळ्या वऱ्हाडापुढं, मी त्याची घडी घातली. काठाला काठ लावला. तळहातानं दाबून घेतली. घडी जशी पडायची तशीच पडली. खांद्यावर टाकली.

अण्णांनी ती नवी चादर माझ्यापुढं धरली. "धर. नवरदेव उनात उभा हाय."

मी हात पुढं केला नाही.

"मालक, आता तुमच्या हातानं टाका."

एवढंच बोललो. मोठ्यानं नाही बोललो. पण बँड बंद होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. अण्णांच्या कपाळावरची शीर वर आली. पाव्हण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्या कानाशी आले.

"उद्या इहिरीवर पाय ठिवून बघ."

"न्हाई ठिवत," मी म्हणालो आणि निघालो. मागं वळून बघितलं नाही. चादर कुणी अंथरली मला माहीत नाही. अण्णा वाकले असतील का, हे बघायला थांबायला पाहिजे होतं असं कधीकधी वाटतं.

ताठ चाललो ते गल्लीच्या वळणापर्यंत. वळणाच्या पुढं मला रडू आलं. सत्तर ओलांडलेला माणूस भिंतीला धरून रडत होतो. घरी गेलो तेव्हा म्हातारी उरलेले रिठे निवडून डब्यात भरत होती. मी सगळं सांगितलं. चपलेचं टोक सांगितलं, गोमूत्र सांगितलं. लुगडं तिच्यापुढं ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. तिनं शिंतोड्यावरून बोट फिरवलं.

"त्यांनी माझ्या लुगड्यावर पाय दिला न्हाई म्हणून तुम्ही रडायलाव?"

मी डोळे पुसले.

"आन् पाय दिला असता, मंग? हसत आला असताव घरी?"

आजवर आक्कासाहेबांनी मला लई बोल लावले, पण म्हातारीचं हे बोलणं जिथं लागलं तिथं कुणाचंच लागलं नव्हतं. खरं होतं. मी हसत आलो असतो. मी तिला सांगितलं असतं की तुझ्या लुगड्यावर लातूरच्या मोठ्या लोकांचा पाय पडला. आम्ही दोघं खूश झालो असतो. तिच्या मेलेल्या भावाची भाऊबीज दुसऱ्याच्या तळपायाखाली घालून वर मान मिळाला म्हणून खूश.

माझा राग चुकीच्या जागी होता. आमचं कापड त्यांच्या पायाखाली का चालत नाही, हे मी विचारत होतो. ते पायाखाली जावंच कशाला, हे विचारायला पाहिजे होतं. माझ्या बापानं ते विचारलं नाही. आज्ज्यानं नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या वाकून अंथरत गेलो आणि त्यालाच मान म्हणत आलो. मान नवरदेवाचा होता. आमचं नुसतं वाकणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीकडं गेलो. पाय ठेवायला नाही, बघायला. वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. पलीकडं धोंडा दिसत होता. उलथून टाकला होता. खोलगट बाजू खाली, चिखलात. तीन पिढ्यांनी झिजवलेला दगड एका सकाळीत पालथा घातला. तो हलवायला किती गडी लागले असतील. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पाव्हणे घरात असताना, एवढ्या कामाला वेळ काढला त्यांनी.

गावातले लोक समजवायला आले. चांगलीच माणसं. म्हणाले, जा, पाया पड, मिटव. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. म्हातारी आतून म्हणाली, "पाणीच न्हाई राहिलं, मासा कुठला?" ते उठून गेले. जाताना एकजण मला म्हणाला, बायकोच्या नादानं बुडालाव तुम्ही. मी म्हणालो, उशिरा लागलो तिच्या नादाला.

बोअरच्या पाण्यावर थोडे दिवस काढले. त्या पाण्यानं परीटकी होत नाही. लेक विष्णुपुरीला दिलेली, जावई रिक्षा चालवतो. तिथं गेलो. लेकीच्या घरापुढं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली इस्त्रीचं टेबल टाकलं. कॉलेजातली पोरं कपडे देतात. गोदावरीचं पाणी नळाला येतं. गोडं आहे. रिठा लगेच फेस धरतो. एका पोरीचा टॉवेल धुऊन दिला तर ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, आजोबा, हा मऊ झाला, पण दुकानाचा वास कुठं गेला? म्हातारी म्हणाली, वास दुकानात परत गेला बाई. ती पोरगी तेव्हापासून येऊन बसते, रिठे फोडते, म्हातारीच्या शेजारी. एकाच पाटावर. म्हातारीच्या हातून पाणी घेऊन पिते. ह्याच्यात विशेष काही आहे असं तिला वाटतच नाही. मला मात्र दर वेळी दिसतं.

लुगड्यावरचे शिंतोडे म्हातारीनं लिंबू आणि उन्हानं काढले. सणाला नेसते.

ह्या उन्हाळ्यात दारात गाडी थांबली. अण्णा उतरले. थकलेले दिसले. काठी घेतात आता. थोरल्या पोरीच्या संसारात काहीबाही चालूच राहिलं. गावानं त्याचं खापर मोडलेल्या पायघडीवर फोडलं. आता धाकटीचं लग्न, आणि परीट पायघडी घालणार असेल तरच पुढची बोलणी, असं नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. थोरल्या पोरीचं ऐकून मला वाईट वाटलं. तिचा काय दोष. चुका मोठ्यांच्या आणि भोग पोरीला. ते मी अण्णांना बोललो. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग म्हणाले, "झालं गेलं इसर. इहीर तुझीच हाय. धोंडा सुलटा करून बसवलाय मी."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. धोंड्याचं ऐकून. तो खोलगटपणा माझ्या तळहाताला आजही आठवतो. त्या विहिरीच्या पाण्यात कापड टाकलं की कसं सुटतं, ते अंगात आहे. गाव आठवतं. कुणाचंही आठवेल.

अण्णांना वाटलं, अजून थोडं द्यावं. त्यांनी आवाज खाली आणला. कुणाला दान देताना आणतात तसा.

"आन् ह्या वख्ताला मांडवाच्या दारात तुझ्या घरचंच लुगडं टाक. आक्का काई बोलणार न्हाई. माझा शब्द हाय."

म्हातारी पाटावर रिठे फोडत होती. तिचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही. माझं उत्तर काय येतं त्याची वाट बघत होती ती. एवढ्या वर्षांत मी तिला काही दिलं नाही. एक उत्तर देणं लागत होतो.

"न्हाई मालक."

"कामून? तुझंच टाक म्हणायलोय की."

"म्हणूनच न्हाई."

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही. त्यांच्या मते त्यांनी सगळं दिलं होतं. पाणी दिलं, धोंडा दिला, वरून आमच्या कापडावर पाय द्यायलाही तयार झाले. माणसानं अजून किती खाली उतरायचं, असं त्यांच्या तोंडावर होतं. गाडीत बसताना म्हणाले, "मंग पोरीचा नवरा काय मातीतून चालंल का?"

मागं रिठा फुटल्याचा आवाज आला. म्हातारीचा हात पुन्हा चालू झाला होता.

अण्णांच्या त्या सवालाला मी तिथं जवाब दिला नाही. इथं लिहून देतो.

धाकटीला माझा आशीर्वाद आहे. तो भुईवर अंथरून मिळत नाही. हात चालतात तोवर मी धुणं करीन. बाळंतिणीचं करीन, मेलेल्याचं करीन, कुणाचंही करीन, त्याची लाज मला नाही. लेकीला, जावयाला सांगून ठेवलंय, ह्या घरातलं माणूस ह्यापुढं कुणाच्या पायापुढं कापड उलगडणार नाही. माझ्या माघारी पण नाही. कुणी पाणी तोडलं तरी नाही, कुणी पाणी दिलं तरी नाही.

नवरदेव मातीतून चालंल. आम्ही चाललो की. पायाला माती लागली तर पाय धुवावेत. त्यांच्या विहिरीला पाणी लई आहे.